इथे कोणी राहत नाही

गावात शिरणारा रस्ता शेवटचं वळण घेतो तिथे आत्याचं घर आहे. आत्या म्हणजे कुणा एकाची आत्या नव्हे. भावाची मुलं लहानपणी तशी हाक मारायची, ती शेजाऱ्यांनी उचलली, शेजाऱ्यांकडून दुकानदाराने, आणि आता तिच्याहून म्हातारी माणसंसुद्धा तिला आत्याच म्हणत. तिलाही ते आवडे. कुणाचं बाळंतपण असो, बांधावरचं भांडण असो की गावसभेत चार शब्द बोलायचे असोत, आत्या पुढे. बोलण्यात तिचा हात धरणारं गावात कुणी नव्हतं, आणि हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

या गावातल्या घरांबद्दल आधी थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. नियम असा होता की जुन्या वस्तीबाहेर, शेतात किंवा परसात, नवं घर बांधायचं नाही. शेतजमीन वाचावी म्हणून केलेला नियम. करणाऱ्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. गोठा बांधा, कोठार बांधा, अवजारांची खोली बांधा, कुणाची ना नाही. पण आत चूल मांडली की ते घर झालं, आणि घर झालं की पाडायचं. आता मुलं मोठी होतात, त्यांची लग्नं होतात, एका छपराखाली दोन संसार मावत नाहीत, हे नियम करणाऱ्यांना ठाऊक नसावं. किंवा त्यांच्या घरी सुना नसाव्यात.

तेव्हा गावाने आपली तोड काढली. गावात असे गोठे होते की ज्यांत गाय कधी गेली नव्हती पण खिडक्यांना पडदे होते. एका कोठारात धुण्याचं यंत्र गरगरत असे. पोस्टमनच्या कोंबड्यांच्या खुराड्यात त्याचा मुलगा, सून आणि दोन नातवंडं सुखाने नांदत होती, आणि कोंबड्या बिचाऱ्या बाहेर.

जुने तपासनीस भले माणूस होते. फेरीवर आले की ते वळणावर गाडीचा हॉर्न वाजवायचे, एकदाच, पण चांगला लांब. हॉर्न ऐकला की गावभर लगबग उडे. शेगड्या उचलल्या जात, भांडी पलंगाखाली जात. आत्याच्या नवऱ्याचा हात सुतारकामात बसलेला. त्याने सरकतं कपाट काढलं होतं. ते ओट्यापुढे ओढलं की ओटा नाहीसा. निम्म्या गावात त्याची कपाटं होती. तपासनीस तोवर आत्याकडे बसून निवांत चहा घेत, मग एक चक्कर मारत, पडदेवाल्या गोठ्यासमोर उभे राहून "जनावरं चरायला गेली वाटतं" म्हणत, आणि जात. कुणाला कधी त्यात वावगं वाटलं नाही. पोरं तर हॉर्नचा खेळ खेळायची.

मग पलीकडच्या देशात लढाई पेटली आणि माणसं बसगाड्या भरभरून येऊ लागली. सरकारने त्यांना दूर माळावरच्या छावणीत ठेवलं, पत्र्याच्या लांबलचक बराकींत. गावात सभा झाली. आत्या उभी राहिली आणि म्हणाली, "आपल्याकडे रिकाम्या खोल्या आहेत, त्यांच्याकडे छप्पर नाही. यात बोलण्यासारखं आहे काय?" एवढं म्हणून ती अर्धा तास बोलली. बायकांनी डोळे पुसले. काही कुटुंबं गावात आणायची ठरलं आणि पहिलं कुटुंब आत्याने स्वतःच्या परसात घेतलं. एक बाई आणि तिच्या दोन मुली. नवरा मागे राहिला होता, त्याची काही खबर नव्हती.

बाईचं नाव गावाच्या जिभेवर बसेना म्हणून तिला सगळे पाहुणी म्हणू लागले. आपल्या शहरात ती बस चालवायची. आत्याने तिला पहिल्यांदा हॉर्नचा प्रकार समजावला तेव्हा ती पोट धरून हसली. मोडक्या भाषेत म्हणाली, "मी हॉर्न वाजवते, लोक पळत येतात. तुमच्याकडे लोक पळत जातात."

पण शिकली मात्र झटपट. हॉर्न वाजला की विजेची शेगडी उचलायची आणि परसातल्या लाकडांच्या ढिगामागे न्यायची. अंथरुणं, कपडे, मुलींची दप्तरंही तिकडेच. कोपऱ्यातली कुदळ, फावडं, दोरखंड खोलीत नीट मांडून ठेवायचे. मुलींनी ढिगामागे बसायचं आणि चूं करायचं नाही. आणि कुणी विचारलंच तर काय सांगायचं, तेही आत्याने घोटून घेतलं. इथे कोणी राहत नाही. पाहुणीला न अडखळता म्हणता आलेलं हे पहिलं अख्खं वाक्य. थोरली मुलगी शाळेत जाऊन भाषा भराभर उचलत होती, ती म्हणाली, "मग बोलतंय कोण?" त्यावर सगळे हसले. जुने तपासनीस त्यानंतर एकदा येऊन गेले तेव्हा मुली ढिगामागे अशा गप्प बसल्या की आत्यालाच क्षणभर वाटलं, कुठे निघून गेल्या की काय. "पोरी भारी गुणी आहेत हो," ती शेजारणीला म्हणाली. इतक्या लहान पोरी इतक्या गप्प बसायला कुठे शिकल्या असतील, हा विचार मनात आला होता. तिने तो फार वेळ ठेवला नाही.

ती खोली खरं तर लेकासाठी बांधलेली होती. कागदावर अवजारांची, पण आत ओटा, मोरी, सगळं. खिडकीच्या चौकटीला निळा रंग लेकानेच निवडून दिला होता, जाण्याआधी. मग तो दूरच्या शहरात गेला, तिथे नोकरी लागली, तिथलीच मुलगी केली. फोनवर दर वेळी म्हणे, "बघू, पुढच्या वर्षी." आत्या दर वर्षी खिडकी पुसून घेई. पाहुणी राहायला आली तेव्हा ती तिला म्हणाली होती, "लेक येईपर्यंत तुझीच समज." पाहुणीने मान डोलावली. तिला त्यातलं पहिलं अर्धं कळलं की नाही, देव जाणे.

दरम्यान नियम बदलायची खटपट सुरू झाली, आणि त्यातही आत्याच पुढे. आसपासच्या गावांना तिने एकत्र केलं, कचेऱ्यांचे उंबरे झिजवले, मोठ्या साहेबांपुढे सुनावणीला उभी राहिली. तिथे तिने म्हटलेलं एक वाक्य लोक नंतर कितीतरी दिवस एकमेकांना सांगत होते: "चूल लपवून जगणं माणसाला शोभत नाही, साहेब."

आणि नियम खरंच बदलला. नवे तपासनीस गावोगाव फिरतील, परसातल्या ज्या खोलीत चूल आणि राहणारी माणसं दिसतील ती खोली घर म्हणून धरतील. आत जो राहतो त्याचा तिथे राहायचा हक्क. मालकाला वाटलं म्हणून त्याला उठवता येणार नाही. छावणीतून आलेल्यांनाही हाच नियम. ज्यांच्या डोक्यावर असं घर असेल ते गावात राहतील, बाकीच्यांना थंडीच्या आत माळावर परत जावं लागेल. ज्या दिवशी बातमी आली त्या दिवशी पोस्टमनने खुराड्याच्या दाराला रंग दिला.

तपासणी कोणत्या दिवशी ते कळवलेलं नव्हतं. एका सकाळी आत्या अंगणात भांडी विसळत होती आणि वळणावर हॉर्न वाजला.

नवी तपासनीस तरुण बाई होती. हॉर्नची गावची भानगड तिच्या गावीही नव्हती. रस्त्यात पोस्टमनच्या बेघर कोंबड्या आल्या होत्या म्हणून तिने वाजवला. पण हॉर्न तो हॉर्न. आत्याच्या हातून पातेलं सुटलं, ती परसाकडे वळली, तर पाहुणी आधीच शेगडी घेऊन ढिगाकडे निघाली होती. दोघींनी मिळून खोली रिकामी केली. बोलायचीसुद्धा गरज पडली नाही. गाडी फाटकाशी थांबली तोवर आत्या हात पुसत पुढे आली होती, चेहऱ्यावर तिचं नेहमीचं तपासनिसांसाठीचं हसू.

"परसात खोली आहे ना तुमच्या?" बाईने विचारलं.

"आहे की. अवजारांची. इथे कोणी राहत नाही."

बाईने दारातून डोकावून पाहिलं. कुदळ, फावडं, दोरखंड. मग ती आत्याकडे वळली. तिचा आवाज मऊ होता, आणि नंतर आत्याला सगळ्यात जास्त तोच आठवत राहिला. "काकू, नियम बदललाय, माहीत आहे ना तुम्हाला? आता लपवायचं काही कारण नाही. कोणी राहत असेल तर सांगा. मी ते लिहून घ्यायलाच आलेय."

आत्या तोंड उघडून उभी राहिली. आता हसायचं, कपाळावर हात मारायचा आणि म्हणायचं, अगं बाई, सवय बघा मेली, या, या, दाखवते. एवढंच करायचं होतं. तेवढ्यात तिची नजर निळ्या चौकटीवर गेली. खोली आहे तोवर लेक पुढच्या वर्षी येणार होता. खोली दुसऱ्याची झाली की तो येणार नाही हे नक्की होणार होतं.

"नाही," आत्या म्हणाली. "कोणी नाही राहत."

पहिलं नाही सवयीचं होतं. दुसरं तिचं स्वतःचं होतं.

तपासनीस बाई पुढच्या घरांकडे गेली. गावातही सगळीकडे तेच झालं होतं. हॉर्न ऐकून शेगड्या पलंगाखाली गेल्या होत्या. पण पोस्टमनची सून शेगडी घेऊन निम्म्या अंगणात पोचली आणि तिथेच थबकली, "अहो, आपण लपवतोय कशाला?" म्हणाली, आणि तीच शेगडी डोक्यावर धरून तपासनीस बाईपुढे जाऊन उभी राहिली. बाईला हसू आवरेना. पडदेवाल्या गोठ्याच्या मालकाने ओट्यापुढचं कपाट बाजूला सारून दाखवलं तेव्हा तर टाळ्या पडल्या. दुपारपर्यंत गावातल्या सगळ्या गोठ्यांची, कोठारांची आणि त्या एका खुराड्याची घरं झाली होती. छावणीतून आलेली बाकीची कुटुंबंही नोंदली गेली. चूक सगळ्यांची झाली आणि सगळ्यांनी हसत हसत सुधारली. आत्याचं वेगळं काही असेल असं कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं. उलट पोस्टमन मुद्दाम येऊन म्हणाला, "आत्या, तुझ्यामुळे झालं हे सगळं."

संध्याकाळी पाहुणी पाव घेऊन आली, स्वतः भाजलेला, फडक्यात गुंडाळलेला. तिला वाटत होतं की संकट टळलं. तिच्या देशात दारात सरकारी माणूस आला आणि कोणी न सापडता परत गेला, म्हणजे दिवस चांगला गेला. नव्या नियमाचं गावभर चाललेलं बोलणं तिच्या भाषेपलीकडचं होतं आणि आत्याने ते तिला "नंतर सांगते, सावकाश" म्हणून पुढे ढकललं होतं. तिने आत्याचे दोन्ही हात धरले. "आत्या, तुम्ही होता म्हणून," ती म्हणाली.

रात्री आत्याने तो पाव ताटात घेतला. नवऱ्यासमोर तिने त्याचे तुकडे केले आणि ताटात इकडून तिकडे सरकवत राहिली.

"त्या तपासनीस बाईने दोनदा विचारलं," नवरा म्हणाला.

"तुम्ही कुठे होतात?"

"खिडकीशी. रंधा मारत होतो."

"मग बोलायचं होतंत."

"मला वाटलं, तू बोलशील. तूच बोलतेस ना नेहमी." हे तो टोचून बोलला नाही. तो टोचून बोलला असता तर तिला बरं वाटलं असतं, भांडता आलं असतं. थोड्या वेळाने तो म्हणाला, "तो यायचा नाही, अगं. खोली ठेव नाहीतर देऊन टाक. त्याने तिकडे घर घेतलं तेव्हाच कळलं होतं की आपल्याला."

"मला नव्हतं कळलं," आत्या म्हणाली, आणि ताट उचलून आत गेली.

लाज वाटणं म्हणजे काय ते त्या दिवसांत आत्याला कळलं. आजवर तिला लाज ही दुसऱ्यांना वाटायला लावायची गोष्ट म्हणून माहीत होती. त्यात ती पटाईत होती. कुचराई करणाऱ्यांना गावसभेत असं खजील करी की ते आठवडाभर तोंड दाखवत नसत. आता दुकानात कुणी सहज "काय आत्या, पाहुणीचं झालं ना सगळं नीट?" विचारलं की तिच्या कानशिलापर्यंत रक्त चढे आणि ती म्हणे, "होतंय, होतंय." धाकटी मुलगी शाळेतून येताना फाटकापासून "आत्याऽऽ" अशी हाक मारत येई. ती हाक ऐकली की आत्या काहीतरी काम काढून घरात शिरे. रस्त्यात तिच्या भाषणाची आठवण काढणारे भेटत. चूल लपवून जगणं माणसाला शोभत नाही. किती सफाईने म्हणाली होती. आता ते वाक्य आठवलं की आपणच आपल्या थोबाडीत मारून घ्यावी असं तिला वाटे.

शेवटी ती कचेरीत गेली. तपासनीस बाई टेबलाशी डबा खात होती. आत्या खुर्चीच्या टोकावर बसली आणि म्हणाली, "परवा थोडी चूक झाली. माझ्या खोलीत लोक राहतात."

बाईने डबा बंद केला. "चूक झाली की तुम्ही लपवलंत?"

हीही एक संधी होती. आत्या म्हणाली, "चूक झाली. जुनी सवय."

बाईने डबा बाजूला सारला. "मी पाहिल्याशिवाय काही लिहिता येत नाही. परत येईन. दिवस सांगणार नाही. पुन्हा कुणी काही मांडामांड केली असं नको. आणि काकू, यानंतर मात्र माझ्या हातात काही नाही. थंडी तोंडावर आलीय, छावणीच्या गाड्या निघतील."

घरी आल्यावर नवऱ्याने एवढंच म्हटलं, "पाहुणीला सांग आता. पुन्हा गाडी आली तर तिने लपू नये."

"सांगते."

तिने सांगितलं नाही. सांगायला म्हणून ती रोज परसात जाई. पाहुणी आता फळांच्या वखारीत निवडायच्या कामाला जाई, तिथून दमून आलेली असे, तरी तिला बघून उठे, बसायला स्टूल पुढे करी. तिला आता "लपू नकोस" म्हटलं तर ती विचारणार, का? मग मागच्या वेळी का लपायचं होतं? आत्याच्या मनातला बेत असा होता की तपासनीस येईल, आपण आधी बाहेर जाऊ, तिला हाताला धरून थेट खोलीत नेऊ, सगळं एका मिनिटात होईल, आणि पाहुणीला यातलं काही कधी कळणारच नाही. तिला सुधारायचं सगळं होतं, पण कुणाच्या नजरेतून न उतरता. म्हणून ती स्टुलावर बसे, हवापाण्याचं बोले, आणि परत येई.

गाडी आली ती सुट्टीच्या दिवशी सकाळी. कोंबड्या रस्त्यातच होत्या. हॉर्न वाजला.

आत्या भरभर बाहेर आली. "या, या, इकडून," म्हणत ती तपासनीस बाईच्या पुढे चालू लागली. परसात शिरताना उकडत्या बटाट्यांचा वास आला आणि तिला हायसं वाटलं. तिने दार ढकललं.

खोली रिकामी होती. कुदळ भिंतीला टेकवलेली, फावडं तिच्या शेजारी, दोरखंड गोल गुंडाळून मधोमध. पलंगाची फळी उभी करून ठेवलेली. ओट्यापुढे कपाट सरकवलेलं. एवढंच नाही, जमिनीवर भुसा पसरलेला, कित्येक महिन्यांत कुणी पाय ठेवला नसावा असा. आत्याने स्वतः कधी इतकं हुबेहूब केलं नव्हतं. राहिला होता तो फक्त बटाट्यांचा वास.

तपासनीस बाईने आत्याकडे पाहिलं.

"आहेत, आहेत," आत्या म्हणाली. ती परसात धावली. "अगं, बाहेर ये. ये बाहेर, काही होत नाही."

ढिगामागून पाहुणी आली. एकटी. मुली आल्या नाहीत. ती येऊन अशी उभी राहिली की तपासनीस बाईला लाकडांचा ढीग दिसू नये. तिच्या केसांत भुसा होता. तिने आत्याकडे एकदा पाहिलं, धीर देण्यासाठी, काळजी करू नका, मला सगळं पाठ आहे अशा नजरेने. मग तपासनीस बाईकडे वळून स्पष्ट, न अडखळता म्हणाली, "इथे कोणी राहत नाही."

उच्चार आत्याचा होता. शेवटच्या शब्दावरचा तो हलका जोरही आत्याचाच.

आत्याला तिथेच गाडून घ्यावंसं वाटलं. तपासनीस बाई मान खाली घालून उभी होती, वाट बघत. नवरा मागच्या दारात येऊन थांबला होता. सगळ्यांसाठी बोलणाऱ्या त्या बाईला पहिला शब्द सापडायला फार वेळ लागला.

"राहतात," ती म्हणाली. "ही राहते इथे. हिच्या दोन मुली राहतात. शेगडी त्या ढिगामागे आहे, बटाटे चढवलेलेत तिच्यावर. लपायला यांना मी शिकवलं. आणि मागच्या वेळी तुम्ही दोनदा विचारलंत, तेव्हा माझी चूक झाली नव्हती. मला माहीत होतं. खोली माझ्या मुलासाठी ठेवायची होती मला. तो येणार नाहीये."

पाहुणी एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत होती. आत्याचं रडणं तिला दिसत होतं आणि त्याचा अर्थ तिला एकच लागत होता, सापडलो. तिने पाठीमागे हात करून ढिगाच्या दिशेला काहीतरी खूण केली.

"हिला समजावून सांगायला हवं," तपासनीस बाई म्हणाली. "हिची भाषा कुणाला येते?"

थोरली मुलगी ढिगामागून उठून उभी राहिली. तिने सगळं ऐकलेलं होतं. तिचा एक हात अजून खाली होता, धाकटीच्या तोंडावर. तो तिने हळूच काढला, आईजवळ आली आणि सांगू लागली. आत्याला त्या भाषेतलं एक अक्षर कळत नव्हतं, पण पोर कुठवर आलीय ते तिला कळत होतं. नव्या नियमाजवळ पाहुणीच्या कपाळावर आठी आली. छावणीचं नाव आलं तेव्हा तिने मुलीचा खांदा धरला. मग पोर थांबली. तिने आत्याकडे पाहिलं. पुढचं सांगू का, असं विचारल्यासारखं. मोठ्या माणसांबद्दल असं बोलायचं नसतं हे तिला कुणीतरी शिकवलेलं होतं.

"सांग बाळा," आत्या म्हणाली. "सगळं सांग."

मुलीने सांगितलं. पाहुणीने ते शेवटपर्यंत ऐकलं. ती ढिगामागे गेली, शेगडी आणि वरचं पातेलं घेऊन आली. आत्या हात पुढे करून धावली, पण पाहुणीने शेगडी दिली नाही. वळसा घालून ती खोलीत गेली, खांद्याने कपाट सरकवलं आणि शेगडी ओट्यावर ठेवली. मग खिडकी सताड उघडली. धाकटी तिच्या मागे मागे गेली. पायाखालचा भुसा बघून तिने झाडू घेतला.

तपासनीस बाईने दारातच उभं राहून लिहायला घेतलं. माणसं किती, मुली कितवीत, पाणी कुठून. थोरली भाषांतर करत होती. आत्या उंबऱ्याबाहेर उभी होती. तिला आत ये असं कुणी म्हटलं नव्हतं, आणि न बोलावता आत शिरायची हिंमत तिला आज पहिल्यांदाच झाली नाही.

"आणि या?" बाईने लिहिता लिहिता आत्याकडे बोट केलं. "या तुमच्या कोण लागतात?"

हा प्रश्न पाहुणीला भाषांतराशिवाय कळला. वखारीत, दुकानात, शाळेत, कुणीही विचारलं की ती आजवर एकच उत्तर देत आली होती, आणि ते देताना जरा ताठ उभी राहायची. आता तिने झाकण उचलून बटाट्यांत सुरी घालून पाहिली. अजून शिजले नव्हते. झाकण परत ठेवून तिने मुलीला हळू आवाजात एक शब्द विचारला. मुलीने तो सांगितला.

"घरमालकीण," पाहुणी म्हणाली.

शब्द अगदी बरोबर होता. तपासनीस बाईने तो लिहून घेतला.